बारा बाटल्यांची मोटर

इंजिन कसं निवडायचं हे गुरुप्रसादला कुणी शिकवायची गरज नव्हती. मिरकरवाडा बंदरात घरच्या तीन मासेमारी बोटी, आणि तीन पिढ्यांत एकही भर समुद्रात बंद पडली नव्हती. हे तो न विचारताही सांगे.

म्हणून त्याच्या कोकम सरबताच्या छोट्या कारखान्यात बाटल्या भरायचं यंत्र आलं, तेव्हा पट्टा चालवायची सर्वो मोटर त्यानेच निवडली. ही मोटर म्हणजे हुकमी गडी. सांगाल तेवढंच सरकणार, सांगाल तिथेच थांबणार. बारा बाटल्या नळ्यांखाली आणायच्या, भरेपर्यंत थांबायचं, मग पुढच्या बारा. शनिवारी हे चालवून दाखवायचं होतं. मुंबईच्या हॉटेलांसाठी माल घेणाऱ्या योगिनीबाई स्वतः येणार होत्या. जमलं तर वर्षभराची ऑर्डर, नाही तर बायकोने, नम्रताने, पुन्हा नरसाळं आणि तांब्या घेऊन बसायचं.

मोटर विकणाऱ्या पुण्याच्या सागरने एक फॉर्म पाठवला. पहिलाच प्रश्न, वजन किती हलवायचं? दिवसाला दोन हजार बाटल्या, म्हणजे दीड टन. गुरुप्रसादने दीड टन लिहिलं. सागरने फोन करून दोनदा विचारलं, एवढं एकदम? गुरुप्रसादने समजावलं की बोट जाते रिकामी, पण इंजिन घ्यायचं ते भरून येतानाचं.

"आणि वर थोडं वाऱ्यासाठी. दोन टन धरा."

सागर समुद्राकाठचा नव्हता. त्याने धरले.

खोक्यातून मोटर निघाली ती बसलेल्या रेड्यासारखी. चौघांनी उचलली. नम्रताने एकदा मोटरीकडे, एकदा पट्ट्याच्या टेबलाकडे पाहिलं.

"अहो, ही टेबलाला लावायची, की टेबल हिला?"

गुरुप्रसादने मोटर टेबलाला घट्ट आवळली. एवढी ताकद घेतली तर दाबून कशाला ठेवायची, म्हणून वेगही त्याने सगळ्यात वरचा लावला.

शनिवारी योगिनीबाई समोर खुर्ची घेऊन बसल्या. बटण दाबलं. पट्टा गेला, बाटल्या गेल्या नाहीत! एसटी सुटल्यावर थांब्यावर राहिलेल्या माणसांसारख्या त्या जिथल्या तिथे उभ्या.

हार मानणं घराण्यात नव्हतं. त्याने पट्ट्यावर रबर चिकटवलं. आता बाटल्या निघाल्या, पण बाराच्या बारा आडव्या होऊन. मग त्याने जाळ्याच्या दोरीने त्या पट्ट्याला बांधल्या. या वेळी बाटल्या नीट गेल्या. टेबलही गेलं. नळ्यांनी सरबत मोकळ्या फरशीवर ओतलं आणि टेबल खुर्चीपाशी येऊन थांबलं. योगिनीबाईंनी पाय वर घेतले होते.

कोपऱ्यात कोकमं फोडत बसलेल्या त्याच्या आईने, गोदाने, हातातलं कोकम खाली ठेवलं.

"एका वेळी किती चढतात रे पट्ट्यावर?"

"बारा."

"वजन?"

"नऊ किलो."

"मग दोन टन कुणाचं लिहिलंस? बोटीला मोठं इंजिन आपण वाऱ्यासाठी घेतो. ह्या खोलीत वारा कुठनं येणार, मेल्या?"

गुरुप्रसादने छताकडे पाहिलं. पंखासुद्धा बंद होता.

योगिनीबाई उठल्या. सरबत चांगलं आहे म्हणाल्या. फरशीवरून वास तरी चांगला येत होता. "आठ दिवसांनी पुन्हा येते. खुर्ची जरा लांब ठेवा."

सागर मोटर बदलून द्यायला तयार झाला, नवा फॉर्म मात्र भरा म्हणाला. आई शेजारी उभी राहिली. गुरुप्रसादने निमूटपणे नऊ किलो लिहिलं. आई आत गेली.

मग त्याने नऊ खोडलं आणि दहा केलं. थोडा वारा धरावाच लागतो.