पाठमोऱ्या तानूबाईचा भोवरा

एका चुंबकाच्या पोटात एक जंगल होतं. हसू नका रे, बसा नीट. वाळूच्या कणाहून बारीक होतं, पण जंगलच होतं.

तिथं पुष्कळ भेकरं राहायची. त्यांना जन्मापासून एक खोड. प्रत्येकानं शेजाऱ्यापेक्षा जरासं उजवीकडे वळून उभं राहायचं. का? कुणास ठाऊक! आई तशी उभी राहायची, म्हणून लेकरूही राहायचं.

उन्हाळ्यात उकाडा इतका, की खोडही विसरून ज्याचं तोंड जिकडे असेल तिकडे. थंडी पडली, तसं टेकडीवरच्या सिंहमहाराजांनी फर्मान काढलं, "सगळ्यांनी माझ्याकडे तोंड करा!" आणि एक बेताची डरकाळी फोडली.

भेकरं घाबरून वळली. पण खोड कुठली जातेय? गोल उभ्या कळपाचं बाहेरचं कडं महाराजांकडे वळलं. त्याच्या आतलं जरासं उजवीकडे, त्याच्या आतलं आणखी जरासं. झाला की भोवरा! चुंबकांचा अभ्यास करणारी मोठी माणसं याला स्किर्मिऑन म्हणतात. आपली जीभ अडखळते, आपण भोवराच म्हणू. आणि मधोमध उभी तानूबाई. तिची थेट महाराजांकडे पाठ!

"उद्धट कुठली! नाश्त्याला हिलाच आणा," महाराज गरजले.

कोल्होबा प्रधान धावले. "काय गं तानूबाई, जिवावर उदार झालीस?"

तानूबाई म्हणाली, "अहो प्रधानजी, मी शेजारणीपेक्षा जराशीच वळलेय. तिलाच विचारा."

शेजारीण म्हणाली, "अगंबाई! मीही माझ्या शेजारणीपेक्षा जराशीच."

विचारत विचारत कोल्होबा बाहेरच्या कड्यापर्यंत गेले. ते तर महाराजांकडे बघून नमस्कार करत होतं! गुन्हा सुरू कुठं झाला, ते काही केल्या सापडेना.

चिडून कोल्होबांनी तानूबाईला ढकललं. ती वळली, तिच्यामुळे शेजारीण वळली, आणि सगळा भोवराच जरासा सरकला. आता मधोमध पाठमोरी शेजारीण!

"महाराज, आता नाश्त्याला नक्की कोण?" कोल्होबांनी विचारलं.

महाराजांनी जीव खाऊन डरकाळी फोडली. भोवरा गायब! सगळी भेकरं सुतासारखी सरळ. तानूबाईनं डोळे घट्ट मिटून घेतले.

पण महाराजांना तोंड एकच. खायचं तर डरकाळी थांबवायला हवी. थांबवली, की पाठी फिरल्याच. आणि पाठ बघणं त्यांना सोसवेना.

अजून गरजतायत बिचारे. घसा बसलाय, पोट खपाटीला गेलंय. तानूबाई त्यांच्याकडे तोंड करून अगदी आदरानं गवत खातेय.

तात्पर्य: थोरामोठ्यांकडे कधीही पाठ फिरवू नये, बाळांनो. एकट्यानं एकदम फिरवली, तर तो उद्धटपणा ठरतो. सगळ्यांनी मिळून जराजराशी फिरवली, तर त्याला विज्ञान म्हणतात.