वॉटर कूलरच्या वरचा प्रमुख

कार्यालयातल्या निरोपाला जायला एकच वाट असावी. दोन मिळाल्या की तो गोल गोल फिरत बसतो आणि त्याच्यामागे सगळं कार्यालय फिरतं. माणसांच्या बाबतीत यावर अजून उपाय सापडलेला नाही. यंत्रांच्या बाबतीत सापडला आहे, त्याला स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल म्हणतात. सगळे स्विच (तारा जोडायच्या चपट्या पेट्या) मिळून एक प्रमुख निवडतात आणि त्याच्याकडे जाणाऱ्या जादा वाटा बंद ठेवतात. ज्याचा अग्रक्रमाचा आकडा सगळ्यात लहान, तो प्रमुख. भाषणं नाहीत, रुसवेफुगवे नाहीत.

अर्ज मंजूर करणाऱ्या एका कार्यालयात हे काम नव्या नेटवर्कवाल्याकडे आलं. बिचारा हंगामी होता. मोठ्या साहेबांचं ऑनलाइन भाषण नीट पार पडलं तर कायम, नाहीतर हातात नारळ. त्याने मधल्या खोलीतल्या दणकट नव्या स्विचला चार हजार शहाण्णव आकडा दिला, बाकीच्यांना बत्तीस हजार सातशे अडुसष्टवर ठेवलं आणि नियमाप्रमाणे तक्ता फलकावर लावला. तिथेच घात झाला.

लेखा विभागाच्या बाई चष्मा कपाळावर सरकवून आल्या.

"आमचा नंबर बत्तीस हजारावा?"

"बाई, तो नुसता यंत्राचा आकडा आहे हो."

"आणि यंत्र कोणाच्या विभागात आहे? जन्म गेला माझा इथे."

त्यांच्या पाठोपाठ आस्थापना आली, भांडार आलं, आणि ज्यांच्याकडे स्विचच नव्हता तेही आले (त्यांचा आवाज सगळ्यात मोठा होता). बैठक बसली. सर्व विभाग समान असल्याने सर्वांना शून्य आकडा द्यावा, असा ठराव एकमताने झाला. आकडे सारखे झाले की यंत्रं कारखान्यात जन्माच्या वेळी मिळालेले पत्ते ताडून पाहतात, सगळ्यात लहान पत्त्याचा जिंकतो आणि बहुधा सगळ्यात जुना स्विच प्रमुख होतो, हे नेटवर्कवाल्याने परोपरीने सांगून पाहिलं.

"ज्येष्ठतेचा मान राखतात म्हणजे," अध्यक्ष समाधानाने म्हणाले. "यंत्रांना कळतं बघा."

सगळ्यात जुना स्विच वॉटर कूलरच्या वर फळीवर होता. त्याचा पंखा कधीच गेला होता. तो छान तापतो म्हणून शिपाई त्यावर जेवणाचे डबे ठेवत. आता सगळ्या कार्यालयाचा कारभार त्याच्यातून वाहू लागला.

भाषणाच्या दिवशी मोठे साहेब पडद्यावर "आपल्याला आता वेगाने" एवढं म्हणाले आणि तोंड उघडं ठेवून थांबले ते थांबलेच. नोकरी गेली, आता सासऱ्यांना काय सांगायचं, एवढंच नेटवर्कवाल्याच्या डोक्यात फिरत होतं. सभागृहात मात्र कोणी हललं नाही. साहेब विचार करत असावेत अशा समजुतीने सगळे अदबीने बसून राहिले (सत्त्याऐंशी टक्क्यांनी टिपणं काढली, उरलेल्यांनी डुलकी). शेवटी बाईंनी टाळ्या सुरू केल्या.

भाषण मुद्देसूद झालं असा अहवाल गेला. एकाही विभागाची तक्रार नाही, असं कार्यालयात प्रथमच घडलं होतं. नेटवर्कवाला कायम झाला. अट एकच, आकड्यांना पुन्हा हात लावायचा नाही.

"चाललं का रे तुझं ते नेटवर्क?" आईने घरी विचारलं.

"नाही. पण मी कायम झालो."

"मग झालं तर."

तुमचा अर्ज बरेच दिवस 'प्रक्रियेत आहे' असं दाखवतोय ना? तो याच कार्यालयात आहे. चौकशीला खुशाल फोन करा. फोनही त्याच स्विचमधून जातो.