हाइनरिख लक्ष्मीकांत जोगळेकर

लक्ष्मीकांतचा मुलगा तीन दिवसांचा झाला आणि जन्मनोंदणीच्या खिडकीतला कारकून नाव मागू लागला. नाव आणायचं कुठून? ते ठेवायचं बाराव्या दिवशी, तेही आत्यानं. आत्या म्हणजे कुसुमताई बसली होती साताऱ्यात, आणि तिचं पत्र कुवेतमधल्या सालमियाला पोचायला पंधरा दिवस लागत.

"इस्म!" कारकुनानं पेन आपटलं. "नाव नाही तर दाखला नाही!"

आपल्यातलं नाव लिहावं तर ताईचा मान गेला, आणि ते ती जन्मभर ऐकवणार. त्यापेक्षा अजिबात आपलं नसलेलं लिहावं, म्हणजे ते धरलंच जाणार नाही, असा डोकेबाज विचार करून त्यानं 'हाइनरिख' लिहून टाकलं. हाइनरिख हा त्याच्या इस्पितळात एक्स-रेचं मशीन दुरुस्त करायला येणारा जर्मन इंजिनियर.

प्रभानं दाखला वाचून कपाळावर हात मारला. "अहो, हे नाव आहे की खोकला? वन्संना काय सांगायचं?"

"तात्पुरतं आहे गं. बदलून आणतो."

खिडकीनं वकिलातीकडे पाठवलं, वकिलातीनं कोर्टाकडे. ताईनं पत्रातून 'मकरंद' पाठवलं, पण पासपोर्टवर हाइनरिखच चढला. सहा महिने हेलपाटे घालून लक्ष्मीकांतची भूक मेली. त्यात पुढच्या महिन्यात ताई स्वतः कुवेतला येणार होती.

मुलाला आपलं नाव दिल्याची बातमी इंजिनियर हाइनरिखच्या कानावर गेली. त्यानं येऊन लक्ष्मीकांतला मिठीच मारली.

"या नावाचा अर्थ घराचा धनी! आमच्या राजांनी मिरवलंय हे. आमच्या घरी चार पिढ्या थोरल्या मुलाला हेच नाव देतात, आणि मित्रा, तू..." त्यानं पुन्हा मिठी मारली. खरं सांगायचा धीर लक्ष्मीकांतला झाला नाही. हाइनरिख बायकोच्या बाळंतपणासाठी मायदेशी गेला, तेव्हा लक्ष्मीकांतला हायसं वाटलं.

अखेर कोर्टाची तारीख लागली. त्याच सकाळी जर्मनीहून पत्र आलं.

'मुलगा झाला. आमच्या घरातला हाइनरिख आता तुझ्याकडे आहे, म्हणून याला तुझं नाव देतोय. वडील माझ्याशी बोलत नाहीत. नोंदणीवाले अडून बसलेत. लक्ष्मीकांत हे पुरुषाचंच नाव असल्याचा लेखी पुरावा मागतात. तेवढा पाठव.'

लक्ष्मीकांतनं पायातले बूट काढून ठेवले.

"अहो, खाली टॅक्सी थांबलीय!"

"कुठल्या तोंडानं जाऊ आता कोर्टात?" त्यानं रडवेल्या चेहऱ्यानं कागद ओढला आणि लिहायला घेतलं, लक्ष्मीकांत म्हणजे लक्ष्मीचा पती, सबब हे पुरुषाचं नाव आहे.

"आणि वन्संना?"

"ताईला तूच सांग. माझी छाती नाही."

प्रभानं त्याच्या खांद्यावरून कागद वाचला. "आणि पुरुषाच्या नावाचा हा पुरावा तुम्ही देताय?"