खुशालरावांनी तीन दाबलं

मंगळवारी कुंदननं कंपायलरमधल्या काही ओळी उडवल्या आणि गुरुवारी खुशालराव वारले. म्हणजे निदान सगळ्या अकोटानं तसं धरलं.

कुंदन अकोटच्या घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायचा. माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या बोलीत, असेंब्लीत, उतरवून देणारा कंपायलर, हे त्याचं क्षेत्र. त्यात जंप टेबल म्हणून एक भाग होता. अमुक आकडा आला की प्रोग्रामनं कुठं उडी मारायची, याचा तो तक्ता. तक्त्यातली घरं शून्यापासून मोजतात, म्हणून कंपायलर आलेल्या आकड्यातून आधी सुरुवातीचा आकडा वजा करायचा आणि मगच उडी मारायचा. कुंदनच्या सगळ्या चाचण्या शून्यापासूनच सुरू होत. शून्यातून शून्य वजा करण्यात काय शहाणपण, असं म्हणून त्यानं वजाबाकीच काढून टाकली. चाचण्या पास झाल्या. टीमप्रमुख पायलकडे बदल तपासायला पाठवून तो बायकोला म्हणाला,

"लय सोपं करून टाकलं. इतके दिवस कोनालेच कसं सुचलं नाही, काय मालूम!"

"सगळेच तुमच्याएवढे हुशार नसतात ना," दीपमाला म्हणाली. हे कौतुक आहे, असा कुंदननं समज करून घेतला.

पायलचं उत्तर येईपर्यंत त्याला धीर निघेना. त्याच्या वडिलांचं, गोवर्धनजींचं, फुलांचं दुकान होतं. दुकानाच्या फोनला उत्तर देणारा प्रोग्राम कुंदननंच केला होता: पूजेच्या हारांसाठी एक दाबा, वरमालांसाठी दोन, गाडी सजवायला तीन, अंत्यविधीच्या फुलांसाठी चार, गोवर्धनजींशी बोलायला पाच. आकडा दाबून पत्ता सांगितला की ऑर्डर दुकानातल्या मनोजच्या मोबाइलवर जाई. गुरुवारी सकाळी कुंदननं तो प्रोग्राम आपल्या नव्या कंपायलरमधून काढला, फोनला जोडला आणि समाधानानं अंघोळीला गेला.

पहिलाच फोन खुशालरावांचा. त्यांच्या शिवमची वरात दुपारी अकोल्याला निघायची होती. त्यांनी नीट ऐकून तीन दाबलं.

मनोज मोबाइल घेऊन धावत आला. "काकाजी, खुशालराव गेले! अंत्यविधीची ऑर्डर आली त्यायच्या घरून."

"काय बोलून राहिला बे?" गोवर्धनजी उठलेच. "आज तं पोराचं लगन हाये त्याच्या!"

त्यांनी खुशालरावांना फोन लावला. लग्नघरच्या गलक्यात तो कोणाला ऐकू जाणार? गोवर्धनजी मटकन बसले. "उचलत नाही. खरंच गेला रे बाप्पा."

मेलेल्या माणसानं फोन उचलला नाही, याहून पक्का पुरावा कोणाला हवा होता? तासाभरात सगळा बाजार हळहळला. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणावरून खुशालरावांशी कित्येक वर्षं न बोललेले नत्थुजी गमछ्यानं डोळे पुसत सगळ्यांच्या पुढं चालू लागले. मागं पांढऱ्या कपड्यांतली माणसं, हार घेतलेला मनोज आणि पडल्या चेहऱ्याचे कुंदन-दीपमाला.

दारात मंडप बघून सगळ्यांना आणखीच भरून आलं. "लय दिलदार मानूस होता," नत्थुजी हुंदका देत म्हणाले. "धुऱ्यात चूक माहीच होती. पन त्याच्या जित्तेपनी तोंड उघडलं नाही म्या."

तेवढ्यात आतून फेटा बांधलेले खुशालराव बाहेर आले. गर्दीकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. "कोन गेलं जी?"

मनोज हळूच म्हणाला, "तुमीच."

"मी इथं उभा हावो ना बे!"

कुंदन पुढं सरसावला. "काका, फोनवर तुमी कोनता आकडा दाबला होता?"

"तीन. गाडी सजवाले."

कुंदनचा आकडेमोडीचा मेंदू प्रथमच वेळेवर चालला. दुकानाची यादी एकपासून सुरू होत होती. वजाबाकी नाही, म्हणून प्रत्येक जण एक घर पुढं जाऊन पडत होता. त्यानं चार लोकांसमोर कबूल केलं, "काका, चूक माही हाये. मी ते सोपं कराले गेलो होतो."

खुशालराव त्याच्या अंगावर धावूनच जायचे, पण नत्थुजींच्या ओल्या डोळ्यांनी त्यांना अडवलं. "आत ऐकू आलं मले. धुऱ्याचं काय म्हनत होते तुमी? पुन्हा म्हना बरं."

नत्थुजींनी मान खाली घालून पुन्हा म्हटलं. खुशालरावांनी त्यांना मिठीच मारली आणि आलेल्या सगळ्यांना वरातीचं आमंत्रण दिलं. मनोज ताजी फुलं आणायला पळाला. गाडी सजवायची शिक्षा कुंदनला झाली. घामाघूम होत तो पुटपुटला, "एवढे गुलाब कायले? याच्या अर्ध्यातही..."

"इथं काहीच सोपं करू नका!" दीपमालानं दटावलं.

वरात गेल्यावर कुंदननं वजाबाकी जागच्या जागी बसवली, एकपासून सुरू होणारी चाचणी जोडली आणि पायलला कळवलं की बदल मागे घेतोय. तिचं उत्तर आलं, "बरं झालं. मी तेच लिहीत होते."

दुसऱ्या दिवशी नत्थुजी दुकानात आले. इकडंतिकडं बघून त्यांनी कुंदनला बाजूला घेतलं.

"कुंदन भौ, एक डाव माह्या घरूनही तसा फोन जाऊ दे ना. कोन कोन येते, कोन रडते, पाह्यतो जरा."

"नत्थुजी, ते आता होत नाही. म्या कालच दुरुस्त केलं."

नत्थुजी निराश होऊन पायरी उतरले. "तुमी शिकलेले लोक ना," ते म्हणाले, "कामाची एक गोष्ट नीट राहू देत नाही!"