खिडकीत बोललेलं धरलं जाईल

आमच्या गावात माणूस नोकरीतून निवृत्त झाला की त्याला रूपांतर केंद्रात आणतात आणि परत नेताना वस्तू करून नेतात. केंद्र जुन्या दूध डेअरीच्या इमारतीत आहे आणि खिडकीवर मी बसतो.

यंत्र मुळात माणसांसाठी आलेलं नव्हतं. तालुका कचेरीतले कागद एका साच्यातून काढून दुसऱ्या साच्यात घालायला ते आणलं होतं. कागद संपले, यंत्र उरलं, आणि सरकारी यंत्र रिकामं बसवून ठेवता येत नाही. त्याचा नियम मात्र तोच राहिला. खिडकीत जे बोललं जाईल ते सर्वांच्या वर. खिडकीत जे बोललं गेलं नाही, ते आत बसलेल्याच्या आतून घ्यायचं. तिथंही काही नसेल, तर केंद्राचं जे ठरलेलं आहे ते. हे दारावर तेलरंगात लिहिलेलं आहे, पण वाचतो कोण?

लोक खिडकीत येतात आणि बोलत सुटतात. वडिलांना दोन दारांचा फ्रिज करा, रंग चंदेरी, खाली भाजीचा कप्पा. सासूबाईंना शिलाई मशीन करा, पायाचं नको, मोटरचं. आतल्या माणसाला स्वतःला काय व्हायचं होतं, तिथपर्यंत यंत्राची पाळीच पोचत नाही. क्वचित घरचे एखादी गोष्ट सांगायला विसरतात. पोस्टातल्या इनामकरांच्या मुलांनी कपाट सांगितलं, माप सांगितलं, वासाबद्दल कुणी बोललं नाही. त्या कपाटाचं दार उघडलं की करवंदांचा वास येतो. मुलांनी डांबराच्या गोळ्या टाकून पाहिल्या, वास जात नाही. मला अशाच वस्तू आवडतात, पण हे मत मी कचेरीत बोलून दाखवत नाही.

सिंधूताई तारळेकर पहिल्यांदा आल्या तेव्हा एकट्याच होत्या. त्यांचे यजमान भास्करराव कालव्यावर पाटकरी होते. शेताशेतांना पाळीचं पाणी सोडण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि आता ते निवृत्त व्हायचे होते.

"भाऊसाहेब, मी खिडकीत कायच बोलले न्हाई तर चालतं का?"

"चालतं. मग सगळं त्यांच्या आतून घेतलं जाईल."

"सगळं?"

"असेल तेवढं."

त्या बाकावर टेकल्या. "लगीन झाल्यापासनं मीच बोलतीया बघा. भाजी कंची, सदरा कसला, पोराला शाळा कंची. हे आपले म्हणणार, तू म्हणशील तसं. यांना सोताला काय हवंय ते मला अजून ठावं न्हाई. एक नळ तेवढा यांनी आपल्या मनानं बसवला. परसातल्या भिंतीत. आमच्या वरच्या आळीला पाइपलाइनच न्हाई. मी म्हटलं, अहो, नुसता नळ बसवून पाणी येतंय व्हय? तर हसले. अजून पुसत्यात त्येला फडक्यानं. मी आपली हापशावरनं आणती."

"मग आता?"

"आता जाताना तरी कळू दे की, यांच्या आत काय हाय ते."

हे सांगताना त्यांनी पदर डोळ्यांना लावला. खरं सांगायचं तर मलाही भरून आलं, कारण खिडकीवर गप्प राहिलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नव्हतं आणि एकदा पाहावं अशी फार इच्छा होती. मी त्यांना नीट समजावलं. माणूस आतल्या स्टुलावर बसला की खिडकीवरचा दिवा लागतो. तेव्हापासून दार सरकून बंद होईपर्यंत खिडकीत निघालेला प्रत्येक शब्द धरला जातो. एका गृहस्थांच्या तोंडून, वडिलांना पंखा करा म्हटल्यावर, नुसतं 'सावकाश हं' निघालं होतं. त्यांच्या वडिलांचा वारा अजून कुणाला लागलेला नाही.

ठरल्या दिवशी त्या भास्कररावांना घेऊन आल्या. सोबत मुलगा हेमंत. बोलण्याचा मोह नको म्हणून सिंधूताईंनी तोंडात खडीसाखरेचा मोठा खडा धरला होता. हेमंतला इन्व्हर्टर हवा होता, पण खिडकीत एकालाच उभं राहता येतं आणि फरशीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या मागचं बोलणं यंत्र धरत नाही.

भास्करराव चपला घालूनच आत गेले आणि स्टुलावर बसले. दिवा लागला.

"कसं करायचं?" मी विचारलं. हे विचारावंच लागतं, आणि तेवढा प्रश्न यंत्र धरत नाही.

सिंधूताईंनी मान हलवली.

"आई, इन्व्हर्टर सांग! बॅटरी मोठी सांग!" हेमंत पट्ट्यामागून ओरडला.

त्यांनी पुन्हा मान हलवली. दार सरकू लागलं. भास्कररावांनी वर पाहिलं, कालव्यावर निघताना उंबऱ्यातून पाहत असतील तसं.

"येतो," ते म्हणाले.

"या," सिंधूताई म्हणाल्या.

दार लागलं.

आपल्याकडे घरातून निघणारा कधी 'जातो' म्हणत नाही, आणि मागं राहणाऱ्याला 'या' म्हटल्यावाचून राहवत नाही. त्यात डोक्याला कुणी विचारत नाही, जीभच परस्पर बोलून मोकळी होते. सिंधूताईंनी तोंडावर हात दाबला तोवर दिवा विझला होता.

"खिडकीत बोललेलं: या," मी नियमाप्रमाणे मोठ्यानं सांगितलं. "बाकीचं आतून."

"खोडा की हो त्येवढं! मी काय सांगितलं न्हाई. मी नुसतं आपलं..."

"बोललेलं खोडता येत नाही, ताई."

यंत्र चाललं आणि थांबलं. पलीकडचं दार उघडलं तर आत काहीच नव्हतं, फक्त चपला होत्या. हेमंतनं तक्रार कुठं करायची ते विचारलं. मी त्याला वरची खोली दाखवली, ती बंद असते. सिंधूताई मात्र हमसून हमसून रडल्या. आयुष्यभर बोलून झालं होतं, आणि जिथं एकदाच गप्प राहायचं तिथंही जमलं नव्हतं. चपला पदरात गुंडाळून त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या परसातल्या नळाला पाणी आलं.

नगरपालिकेचा माणूस येऊन भिंत उकरून गेला. नळ विटेत नुसता खोचलेला होता, मागं पाइप नव्हता. त्यानं नळ होता तसा बसवला, दोन घोट पाणी प्यायला आणि निघून गेला.

त्यानंतर काही दिवसांनी सिंधूताई माझ्याकडे आल्या. चेहरा उजळला होता.

"येत्यात हो रोज. मी हापशाला निघायच्या वक्ताला. पाण्याचं मी कायच बोलले न्हवते ना?"

"नाही. तुम्ही फक्त 'या' म्हणालात. पाणी त्यांच्या आतलं."

"आमच्याच नळाला?"

"तेही आतलंच."

त्यांनी मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग बाकाची कड धरून बसून राहिल्या.

"पर थांबत न्हाईत, भाऊसाहेब. घटकाभर येत्यात न् जात्यात. थांबा म्हणायचं ऱ्हाऊनच गेलं."

त्याला माझ्याकडे उत्तर होतं, पण द्यायला जड गेलं. थांबण्याबद्दल खिडकीत कुणी बोललं नव्हतं. जन्मभर पाणी पुढच्या शेताला सोडलेल्या माणसाच्या आतही ते नसणार. म्हणजे केंद्राचं ठरलेलं लागू झालं, आणि पाण्याला केंद्राची वेळ घटकाभराचीच आहे.

"आता एक शब्द वाढवून घ्याल का?"

"एकदा दार लागल्यावर नाही घेता येत."

त्यांनी मान डोलावली. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. खिडकीवर मी पाहिलेलं गप्प माणूस हेच.

"हेमंत म्हणतोय, पिंप भरून ठेव," शेवटी त्या म्हणाल्या.

"मग भरता?"

"न्हाई. खाली हात धरती नुसता. पिंपात भरलेलं सकाळी येत न्हाई."

त्या उठल्या, पदर नीट केला. "येते. नळ पुसायचा ऱ्हायलाय."

दिवा विझलेला आहे ना ते मी वाकून पाहिलं, आणि मग म्हणालो, "या."