मामांची पत्त्यांची वही

आमच्या शेजारचे गुलाबमामा एकदा धडधाकट हात घेऊन हाडं बसवणाऱ्याकडे गेले आणि हात झोळीत घालून परत आले.

"मोडला कसा?" मी विचारलं.

"त्यानंच मोडला. नाव खोडलं त्याचं," मामा समाधानानं म्हणाले.

पोस्टमनच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मामांनी पाथरीत एक वही चालवली होती. विहीर खोदणारा, साप धरणारा, घड्याळ दुरुस्त करणारा, सगळे कामवार लिहिलेले, खाणाखुणांच्या पत्त्यासकट. "तपासल्याबिगर नोंद न्हाई!" हा त्यांचा खाक्या. न्हाव्यांची पानं चालू होती तेव्हा डोक्यावर केस राहिला नाही. सुइणींचं तेवढं मामींना विचारून भागवलं. किसन बँडवाल्यासाठी तर ते तीन लग्नांत बिनबोलावता जेवले. खेड्यापाड्यांतून माणसं पत्ता विचारत यायची, मामांची छाती फुगायची आणि आम्ही टिंगल करायचो.

विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला त्या श्रावणात दोन अनोळखी माणसं आली. "मामा, बँडवाला पायजे."

मामांनी हौसेनं वही उघडली. "किसनच घ्या. बौद्ध वस्तीत, लिंबाखालचं तिसरं घर."

मी तिथंच बसलो होतो, हसत.

चौथ्या दिवशी ते घर जाळलं गेलं. माणसं शेतातून पळाली म्हणून वाचली, वाद्यं मात्र सगळी गेली.

मामांनी वही बंबात घातली. मी अडवायला गेलो, तर म्हणाले, "श्रावणात कुणाचं लगीन असतंय रे? येवढं इचारलं न्हाई मी."

मलाही ते सुचलं नव्हतं. आजही त्याची लाज वाटते.

दोनेक वर्षांनी किसन उसनी क्लॅरनेट घेऊन आला. "मामा, लग्नाच्या सुपाऱ्या येईनात. नाव घाला परत."

"लिवणार न्हाई."

"मग लोकांनी मला हुडकावं कसं?"

लग्नसराई लागली आणि मामा गावोगाव चालत निघाले. लग्नघराच्या ओट्यावर ठाण मांडून किसनच्या वाजवण्याचं तोंड भरून कौतुक करायचे.

पुढं टेलिफोन आले, नावांचं छापील पुस्तक आलं. वही कुणाच्या ध्यानातही राहिली नाही. मामा मात्र सत्तरी ओलांडली तरी चालतच होते. लोक विचारायचे, "राहतो कुठं हा किसन?"

"पत्ता ऱ्हाऊ द्या," मामा उठत म्हणायचे. "मीच घेऊन येतो त्याला."