एक जाकीट, दोन खेळाडू

"दादा, तुमचं जाकीट मी धुऊन टाकलं," उजिनने अभिमानाने सांगितलं आणि सुकचोलचा घास तोंडातच राहिला.

धाकट्याने थोरल्याचे कपडे धुवायचे, ही त्या काळी कोरियन तलवारबाजांच्या संघातली रीतच होती. उजिन वीस वर्षांचा, संघात नवा. मोजे धुतले, पँट धुतली, त्याच झपाट्यात त्याने तारांनी विणलेलं जाकीटही साबण लावून धोपटलं. वर आदर म्हणून लॉजच्या खोलीतल्या, खालून तापवलेल्या जमिनीच्या सगळ्यात गरम कोपऱ्यात, खास थोरल्यांच्या जागेवर, गादीखाली वाळवलं.

तलवारीचं टोक त्या जाकिटाला लागलं की दिवा पेटतो, आणि दिवा पेटला की गुण. बुसानच्या स्टेडियममध्ये तपासनिसाने पोटावर टोक टेकवलं. धोपटून तारा तुटल्या होत्या; दिवा ढिम्म.

"बाद," तपासनीस म्हणाला.

सुकचोलची ही शेवटची आंतरराष्ट्रीय स्पर्धा. दहा वर्षांत त्याची एकही लढत न पाहिलेली आई आज मासळीचं दुकान बंद ठेवून, डबा घेऊन गावाहून आली होती. तिच्यासमोर एक पदक, एवढंच त्याला हवं होतं.

"दादा, माझं घाला. मी माघार घेतो."

"गप रे! तुझी लढत झाली की मी घालीन. त्यात काय एवढं?"

त्या दिवसांत परदेशी जाकीट माणशी एकच मिळायचं. उजिन काडीसारखा, सुकचोल चांगला भरलेला. चेन लावता लावताच दोघे घामाघूम व्हायचे. श्वास रोखून लढायचं म्हणजे लढत लवकर संपवणं भाग; त्यामुळे सुकचोल असा सुटला की जपानचा तगडा ओगुरीसुद्धा त्याच्यापुढे टिकला नाही. ओलंचिंब जाकीट इकडून तिकडे जात राहिलं आणि दोघेही जिंकत राहिले. तेवढी मजा पुन्हा कधी आली नाही, असं सुकचोल आजही म्हणतो.

मग पुढच्या फेरीचा कागद लागला. सुकचोल विरुद्ध उजिन. जिंकेल त्याचं पदक पक्कं.

आता जाकीट एक आणि ते एकाच वेळी हवं दोघांना. हरलेल्या ओगुरीने खाणाखुणांनी सगळी कहाणी समजून घेतली, पोट धरून हसला आणि आपलं जाकीट काढून दिलं. सुकचोलला ते अगदी मापात बसलं. पाठीवर मात्र ठळक अक्षरांत जपान. पंचांनी नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं आणि हात टेकले.

तोंडावर मुखवटे, त्यात स्टेडियममधला गोंगाट. वर बसलेल्या आईने शेजारच्याला विचारलं, "आपला कोणता हो?"

"पाठीवर जपान लिहिलंय ना, तो सोडून दुसरा."

मग काय! "हाण त्याला! बघतोस काय नुसता? हाण!"

आईचा आवाज सुकचोलने ओळखला. आपलं चुकतंय कुठे, हे मात्र त्याला कळेना. दादाला मारायचं कसं, म्हणून उजिन आधी बिचकत होता. पण त्याच्यासाठी आजवर एवढं कोणी ओरडलंच नव्हतं. गुण बरोबरीत आले तेव्हा आई बाकावर उभी राहिली. "सोडू नकोस रे बाळा!" उजिनचा हात आपोआप पुढे गेला. दिवा पेटला.

मुखवटे निघाले. आई आधी थिजली, मग डबा घेऊन खाली आली.

"आई, हरलो मी," सुकचोल म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना.

"दिसलं मला." तिने पहिली भाताची गुंडाळी उजिनच्या तोंडात कोंबली, दुसरी ओगुरीच्या हातावर ठेवली, तिसरी मुलाला दिली. "गावात सांगीन, माझ्या पोराने जपान्याला हरवून पदक मिळवलं."

"खोटं कशाला सांगतेस?"

"खोटं काय त्यात? एवढा घसा फोडला मी याच्यासाठी. आता हा परका कसा?"

तिने सांगितलंही तसंच, आणि गावाने सुकचोलची वाजतगाजत मिरवणूक काढली. उजिन तेव्हापासून दर सणाला त्या घरी जेवायला जातो. तिथले म्हातारे त्याच्या पाठीवर थाप मारून विचारतात, "काय रे, सुकचोलने हरवलेला जपानी तो तूच ना?"

उजिन तोंडभर घास घेऊन मान डोलावतो.